१९८०च्या दशकातील पॉप संगीताच्या कलामूल्याविषयीचा वाद

१९८०च्या दशकातील पॉप संगीताच्या कलामूल्याविषयीचा वाद हा प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेतील संगीतसमीक्षेत चाललेला वाद आहे. त्या दशकातील लोकप्रिय गाणी हा केवळ बाजारासाठी तयार केलेला माल होता, की ती स्वतंत्र कलाकृती मानावीत, हा त्यातील मुख्य प्रश्न होय. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि म्युझिक व्हिडिओ यांमुळे गाणे कोण घडवते आणि कसे घडवते, याविषयीच्या रूढ कल्पना बदलल्या. त्यामुळे या वादात गाण्यांच्या गुणवत्तेबरोबरच ती मोजण्याच्या निकषांचीही चिकित्सा झाली.

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताची गंभीर समीक्षा सुरू झाली. स्वतः गीत लिहिणारा, स्वतः वाद्य वाजवणारा आणि एकल गाण्याऐवजी संपूर्ण अल्बमचा विचार करणारा कलावंत हा तिचा आदर्श होता. पुढील दशकात डिस्को संगीत लोकप्रिय झाले, तेव्हा या आदर्शाला पहिला मोठा धक्का बसला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉल सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या व प्रेक्षक मैदानात घुसले. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समुदायांतून वाढलेले संगीत होते. म्हणून या घटनेकडे केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही, असे अनेक अभ्यासक मानतात.

तांत्रिक बदल

१९८० मध्ये रॉजर लिन यांचे एलएम-१ हे ड्रम मशीन बाजारात आले. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनी अंकीय स्वरूपात साठवलेले होते. १९८३ मध्ये यामाहा कंपनीचा डीएक्स७ हा सिंथेसायझर आला आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणारी ‘मिडी’ ही प्रमाणपद्धती प्रचारात आली. यामुळे एकटी व्यक्ती संपूर्ण वाद्यमेळ उभा करू शकली.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. गाण्याबरोबर त्याचे दृश्यरूपही श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागले आणि कलावंताचे दिसणे, पोशाख व नृत्य हे रचनेचेच भाग बनले.

आक्षेप

यांत्रिकता : नेमक्या मात्रांत बांधलेल्या यांत्रिक तालामुळे वादनातील सूक्ष्म चढउतार नाहीसे होतात, असा आक्षेप घेण्यात आला. डीएक्स७मधील तयार ध्वनी असंख्य गाण्यांत जसेच्या तसे वापरले गेल्याने गाणी एकसारखी ऐकू येतात, अशीही टीका झाली.

कारखानदारी : माइक स्टॉक, मॅट एटकेन आणि पीट वॉटरमन या ब्रिटिश निर्मात्यांनी रिक अ‍ॅस्टली, कायली मिनोग आदी गायकांसाठी ठरावीक पद्धतीने लागोपाठ यशस्वी गाणी तयार केली. लोकप्रिय संगीत साचेबद्ध असते आणि त्यातील वैविध्य वरवरचे असते, हा थिओडोर अडोर्नो यांनी १९४१च्या निबंधात मांडलेला विचार अशा गाण्यांना लागू करण्यात आला.

अप्रामाणिकता : मिली व्हनिली या जोडीला फेब्रुवारी १९९० मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, परंतु ध्वनिमुद्रणातील आवाज त्यांचे नव्हतेच, हे उघड झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो काढून घेण्यात आला. दृश्यरूपाने संगीतावर मात केल्याचा पुरावा म्हणून टीकाकार हे उदाहरण देतात.

समर्थन

समर्थकांच्या मते या संगीताची खरी रचना ध्वनिमुद्रणकक्षात होते. म्हणून ध्वनीचा पोत, अवकाश आणि मांडणी यांचे मूल्यमापन चाल व शब्द यांच्या बरोबरीने झाले पाहिजे. ड्रमचा घुमारा अचानक तोडणारा परिणाम याचे उदाहरण होय. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८०च्या अल्बममध्ये तो ठळकपणे वापरला गेला आणि फिल कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’ या १९८१च्या गाण्यामुळे सर्वदूर पोहोचला. निसर्गात न आढळणारा हा ध्वनी गाण्याच्या आशयाचाच भाग आहे, असे समर्थक म्हणतात.

प्रिन्स यांच्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ (१९८४) या गाण्यात नृत्यसंगीताचा आधार मानली जाणारी बेसची ओळच नाही. केट बुश यांनी ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५) या अल्बमची निर्मिती स्वतः केली व त्याचा उत्तरार्ध एका सलग गीतमालिकेच्या रूपात रचला. यंत्रांचा वापर आणि व्यावसायिक यश यांमुळे वैयक्तिक प्रतिभेला बाधा येतेच असे नाही, हे दाखवण्यासाठी ही उदाहरणे दिली जातात. संगीतशास्त्रज्ञ सुसान मॅक्लेरी यांनी ‘फेमिनाइन एंडिंग्ज’ (१९९१) या ग्रंथात मॅडोना यांच्या गाण्यांचे स्वररचनेच्या अंगाने विश्लेषण केले. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी वापरली जाणारी विश्लेषणपद्धती पॉप गाण्यांना गांभीर्याने लावण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

रॉकिझम आणि पॉप्टिमिझम

रॉक संगीताचे निकष सर्वच संगीताला लावण्याच्या वृत्तीला १९८०च्या दशकाच्या आरंभीच ब्रिटिश संगीतपत्रकारितेत ‘रॉकिझम’ म्हटले जाऊ लागले. अभिरुचीच्या या प्रश्नाला वर्णभेदाचीही बाजू होती. एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का दिसतात, असा प्रश्न डेव्हिड बोवी यांनी १९८३ मध्ये त्याच वाहिनीवरील मुलाखतीत विचारला होता. २००४ मध्ये समीक्षक केलेफा सानेह यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात रॉकिझमवर टीका केली आणि हा वाद व्यापक वाचकवर्गापर्यंत गेला. पॉप संगीतालाही तितक्याच गांभीर्याने घेणाऱ्या भूमिकेला ‘पॉप्टिमिझम’ हे नाव रूढ झाले. या भूमिकेमुळे लोकप्रियतेलाच गुणवत्ता समजले जाण्याचा धोका आहे, असा प्रतिवादही केला जातो.

भारतीय संदर्भ

हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. त्यांनी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ व टीबी-३०३ या यंत्रांच्या साहाय्याने राग सादर केले. त्या काळी या अल्बमकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाल्यावर शिकागोत काही वर्षांनी उदयास आलेल्या अ‍ॅसिड हाउस संगीताशी असलेले त्याचे साम्य चर्चेचा विषय ठरले.

पुनर्मूल्यांकन

मॅडोना यांचा ‘लाइक अ व्हर्जिन’ आणि युरिद्मिक्स यांचे ‘स्वीट ड्रीम्स’ यांचा २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश झाला. केट बुश यांचे ‘रनिंग अप दॅट हिल’ हे १९८५चे गाणे ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वापरले गेल्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. अशा पुनरागमनात स्मरणरंजनाचा वाटा किती, हा मुद्दा अजून वादग्रस्त आहे. मात्र या गाण्याच्या नव्या श्रोत्यांपैकी अनेकांचा जन्म १९८०च्या दशकानंतर झालेला असल्याने त्याची लोकप्रियता केवळ गतकाळाच्या ओढीने स्पष्ट होत नाही, असे समर्थकांचे म्हणणे आहे. दुसरीकडे, त्या दशकातील बहुसंख्य गाणी विस्मृतीत गेली असून टिकून राहिलेल्या थोड्या गाण्यांवरून संपूर्ण कालखंडाचे मूल्यमापन करू नये, याकडे टीकाकार लक्ष वेधतात.