शेवळाला काकड

मृगाच्या आधी वळवाच्या दोन सरी पडल्या की आमच्या डोंगराला शेवळं फुटतात. पान नाही, पाला नाही, नुसता जांभळट कोंब वर येतो. सुरणाच्याच भाऊबंदकीतला. पान मागाहून येतं. उमलायच्या आत खुडायचा, नाहीतर असा घाण वास सुटतो की जवळ फक्त माशा जातात.

जून म्हणजे कणगीचा तळ दिसायचा महिना. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या जूनमध्ये तर रेशनवर लाल मिलो तेवढा मिळायचा. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आईनं बांधावरची शेवळं आणली, सोलली, चिरली आणि फोडणीला टाकली. दोन घासांत सगळ्यांचे घसे खाजायला लागले. धाकटी बहीण तर जीभ बाहेर काढून रडायला लागली. तेवढ्यात कातकरवाडीची म्हातारी दारात आली. पातेल्यात बघून म्हणाली, "आगं बाय, काकड नाय टाकला?" आणि बहिणीला चिंच चोखायला लावली.

काकड म्हणजे रानातल्या झाडाचं आंबट फळ. ते नेमकं शेवळांच्याच दिवसांत धरतं. ठेचून त्याचा रस भाजीत घालायचा. कोंबाच्या आतला पिवळा रवाळ भाग आधी काढून टाकायचा. शिकलेली माणसं सांगतात, कोंबात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. म्हातारीला स्फटिक माहीत नव्हते, काकड माहीत होता. भारंगीही तिनंच दाखवली. पानं उकडून, कडू पाणी पिळून भाजी करायची, आणि आजोबांच्या खोकल्याला मुळीचा काढा. आई बदल्यात तिला नाचणी द्यायची, अधोलीभर. फार नव्हतं ते.

कातकरी मूळचे खैराचा कात करणारे, त्यावरूनच नाव पडलं. इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला, रानं सरकारी झाली आणि कातभट्ट्या विझत गेल्या. मग कोळसा पाडणं, मजुरी, वीटभट्टी. पुढं आमच्या खोऱ्यात धरण आलं. मुंबईला वीज हवी होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. पाण्याखाली गेलेल्या आंबेमोहराच्या खाचरांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याच्या नावावर खाचरच नव्हतं, त्याची शेवळांची जागा, काकडाचं झाड कुठल्या कागदावर येणार? आम्ही शेतकरीसुद्धा आमच्याच जमिनीचं बोललो.

मी तरी काय वेगळं केलं? मुलीच्या लग्नाला आणि घराला पैसा हवा होता, म्हणून डोंगरावरचं वरकस शहरातल्या एका माणसाला विकलं. तिथं नाचणी-वरईशिवाय काही पिकत नाही, असं मीच त्याला सांगितलं. शेवळं माझ्या ध्यानातच आली नाहीत. त्यानं तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, राखणदार ठेवला.

पहिल्याच जूनला म्हातारीची नात माझ्याकडं आली. "बाबा, फाटकवाल्याला सांगा ना, दोन तास सोडायला." मी गेलो. राखणदार म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. मालकाचा फोन लागला नाही. तारेच्या आत दहा पावलांवर कोंब उभे होते. पोरीच्या ओट्यात काकडं होती, येताना वेचलेली. ती तिनं माझ्या पडवीत ओतली आणि गेली.