काठा, पायली आणि माझा चुकलेला मग

रायपूरला बदली होऊन आलो आणि पहिल्याच महिन्यात छेरछेरा पाहायला मिळाला. पौष पौर्णिमेला पोरं दारोदार धान मागत फिरतात. शहराबाहेरच्या एका गावात आजीबाई काठ्याने धान ओतत होत्या. काठा म्हणजे मापायचं भांडं, आपल्या पायलीचा भाऊ. मी विचारलं, "यात किती किलो बसतं?" त्यांनी उलट विचारलं, "धान की तांदूळ?"

प्रश्न बिनतोड होता. धानाला टरफल असतं, त्यामुळे तेवढ्याच भांड्यात ते तांदळापेक्षा बरंच हलकं भरतं.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरवर आली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथून कारभार पाहू लागले. खंडी हा शब्द इथेही आणि आपल्याकडेही. पण इथली खंडी वीस काठ्यांची, आपली वीस मणांची. आणि मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. नागपूरहून आलेल्या कारकुनाचा पहिला हंगाम कसा गेला असेल, देव जाणे. त्यात शेर दोन, वजनी आणि मापी. मापी शेर सपाट की शिगोशीग, हे ज्याच्या हातात माप तो ठरवणार. घेताना शीग आणि देताना सपाट, हा खेळ माझ्या आजोबांनीही पाहिलेला. १९५६ च्या कायद्यानंतर किलो टप्प्याटप्प्याने आला तो म्हणूनच गरिबाच्या बाजूचा, असं माझं मत. (स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिलं, आणि तिथे ते चालतं.)

आता माझी गोष्ट. वीस वर्षांपूर्वी एका उंचावरच्या पोस्टवर आमचा तराजू बिघडला. खडकवासल्याला तीन वर्षं गणित शिकून आलेला मी. एक लिटरचा मग घेतला. तांदळाची सीलबंद पिशवी मापून पाहिली, मगात ८०० ग्रॅम बसले. हुकूम दिला : माणशी अर्धा मग तांदूळ, अर्धा मग पीठ.

आठव्या दिवशी हिशेब केला, तर चाळीस किलो पीठ जास्त निघालं! मी खूश. लांगरी गप्प. खोदून विचारल्यावर म्हणाला, "साहब, चावल बैठता है, आटा फूलता है."

सुटं पीठ मगात साडेपाचशे ग्रॅमच मावत होतं. चाळीस जवानांना मी आठ दिवस ४०० ऐवजी २७५ ग्रॅम पीठ देत होतो, तेही रात्रीच्या गस्ती चालू असताना. एकानेही तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. शिल्लक पीठ त्याच आठवड्यात पोळ्या वाढवून संपवलं. लांगरीने मगाच्या आतून खिळ्याने दोन रेघा ओढल्या : अर्ध्यावर तांदळाची, पाऊण मगाच्या जरा खाली पिठाची.