ओळंबा आणि हिमालय

गवंडी भिंत उभी करतांना ओळंबा सोडतो आणि त्याच्या दोऱ्यावर निःशंकपणें विसंबतो. ओळंब्याचा दोरा कधीं खोटें बोलत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि घर बांधण्यापुरती ती पुरेशीही आहे. परंतु न्यूटनच्या नियमाप्रमाणें प्रत्येक वस्तु दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. तेव्हां जवळ मोठा पर्वत असेल, तर ओळंब्यानें तिकडे किंचित् तरी कललेंच पाहिजे. तो किती कलेल, हा प्रश्न दिसतो लहान. परंतु एकोणिसाव्या शतकांत त्यानें भारताच्या भूमापनापुढें मोठेंच कोडें उभें केलें.

आकर्षणाचा नियम दोन बिंदूंपुरता सोपा आहे: वस्तुमानांचा गुणाकार करावा व अंतराच्या वर्गानें भागावें. पण पर्वत म्हणजे बिंदु नव्हे. त्याचा पायथा जवळ, माथा दूर. मग अंतर मोजावें तें कोठून? गोलापुरतें उत्तर न्यूटननें १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत दिलें. एकसारख्या थरांचा गोल बाहेरील वस्तूला अशा रीतीनें ओढतो, कीं जणू त्याचें सारें वस्तुमान मध्यबिंदूंतच सांठलें आहे. वेड्यावांकड्या आकाराला ही सोय नाहीं. त्याचे तुकडे पाडावे, प्रत्येकाची ओढ निराळी काढावी आणि दिशा संभाळून त्यांची बेरीज करावी, एवढाच मार्ग उरतो. १७७४ सालीं स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराजवळ मॅस्केलिन यांनीं ओळंब्याचें कलणें मोजलें, आणि चार्लस् हटन यांनीं याच मार्गानें गणित करून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारें साडेचार पट ठरविली. आज ती साडेपांच पट मानली जाते.

भारताची त्रिकोणमितीय मोजणी लॅम्बटन यांनीं १८०२ मध्यें आरंभिली. १८२३ मध्यें हिंगणघाट येथें त्यांचें देहावसान झाल्यावर तें काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं पुढें नेलें. मध्य भारतांतील कलियानपूर आणि दिल्लीच्या उत्तरेकडील कलियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचें अंतर या मोजणींत दोन रीतींनीं काढलें गेलें. जमिनीवरील त्रिकोणांवरून तें ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला आलें. ताऱ्यांच्या वेधांवरून ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारें ३७० मैलांत ५३० फुटांचा. अशाच अंतरांवरून पृथ्वीचा आकार काढावयाचा असल्यामुळें ही तफावत सोडून देण्याजोगी नव्हती.

वेध घेणाराला आकाशाचा माथा ओळंब्यावरूनच ठरवावा लागतो. तेव्हां दोष मोजणीचा नसून हिमालयाच्या ओढीचा असेल काय, हें तपासण्याचें काम कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनीं अंगावर घेतलें. हे धर्माधिकारी केंब्रिजमध्यें गणित शिकलेले होते. ठाणें मध्यभागीं धरून त्यांनीं सभोंवारच्या प्रदेशावर वर्तुळें कल्पिलीं आणि चाकाच्या आऱ्यांप्रमाणें रेषा काढून त्याचे कप्पे पाडले. वर्तुळांमधील अंतरें त्यांनीं दूरवर अशीं वाढवीत नेलीं, कीं सारख्या उंचीच्या प्रत्येक कप्प्याची ओढ सारखीच यावी. मग प्रत्येक कप्प्याची सरासरी उंची कळली कीं पुरे. अर्थात् तिबेटसारख्या दुर्गम मुलखाची उंची तेव्हां पुष्कळशी अंदाजानेंच घ्यावी लागे.

१८५५ मध्यें प्रसिद्ध झालेलें उत्तर चकित करणारें होतें. ओळंबा कलियाना येथें २७.८५३ विकला आणि कलियानपूर येथें ११.९६८ विकला कलावयास हवा होता. म्हणजे फरक १५.८८५ विकलांचा यावयास हवा. प्रत्यक्षांत तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच होता. पर्वतांच्या उंचीचे अंदाज शक्य तितके उतरवून पाहिले, तरी गणित जुळेना.

अवघ्या कांहीं आठवड्यांत इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनीं या कोड्याचा अर्थ सुचविला. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकीं जो अधिक वर दिसतो, तो खालींही अधिक खोल बुडालेला असतो. त्याचप्रमाणें पर्वताचें हलकें मूळ खालच्या जड द्रव्यांत खोल रुतलेलें असावें. वरच्या राशीनें वाढलेली ओढ खालच्या हलकेपणानें बरीचशी भरून निघते. १८५९ मध्यें प्रॅट यांनीं निराळा विचार मांडला: पर्वताखालचें द्रव्यच प्रसरण पावून विरळ झालें असावें. भूकवचाच्या या समतोलास अमेरिकन भूशास्त्रज्ञ डटन यांनीं १८८२ मध्यें ‘आयसोस्टसी’ हें नांव दिलें. भूकंपाच्या लहरींवरून आतां कळतें, कीं भारतीय द्वीपकल्पाखालीं भूकवच सुमारें ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, तर तिबेटखालीं सुमारें ७०. हिमालयाच्या प्रदेशांत एअरी यांची कल्पनाच वस्तुस्थितीच्या अधिक जवळची ठरली.

प्रॅट यांच्या बेरजेंत चूक नव्हती. चूक होती ती पर्वत जमिनीवरच संपतो या गृहीतांत. इष्ट आंकडा यावा म्हणून त्यांनीं हिमालयाची उंची मनास येईल तशी कमी केली असती, तर मोजणी आणि गणित यांचा मेळ कागदावर बसला असता, आणि पर्वताचें मूळ मात्र दृष्टीआड राहिलें असतें. न जुळणारें उत्तर त्यांनीं जसेंच्या तसें जगापुढें ठेवलें, आणि त्यामुळेंच भूगर्भाचें एक दार उघडलें.