आमचा रेडिओग्राम आणि सतरा सप्टेंबर

जालन्याच्या घरातला रेडिओग्राम गेली तीसेक वर्षं बंदच होता. वर फुलदाणी, आत जुन्या लग्नपत्रिका. यंदा दिवाळीला गेलो तेव्हा म्हटलं, बघू या दुरुस्त होतोय का. अण्णा म्हणाले, "जपून रे. १७ सप्टेंबरची बातमी आम्ही याच्यावर ऐकलीय."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांची शरणागती रेडिओवरून जाहीर झाली. जालन्याचा वेगळा जिल्हा झाला तो १९८१ साली. तेव्हा आम्ही संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यात. १९४७मध्ये संस्थानांची जी पाच रेडिओ केंद्रं होती, त्यांत हैदराबादबरोबर औरंगाबादही होतं. अण्णा सहा वर्षांचे, आजोबांच्या मांडीवर बसलेले.

तर मंडळी, मागचा पुठ्ठा काढला. असा सेट थेट प्लगला लावायचा नसतो. जुने कंडेन्सर निकामी झालेले असतात, एकदम २३० व्होल्ट दिले तर ट्रान्सफॉर्मरच जळायचा. आधी कंडेन्सर बदलले, मग शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज दिली. बल्ब भक्कन पेटून मंदावला, व्हॉल्व्ह लालसर झाले आणि... खरखर! तेवढ्यानंही अण्णा खुलले.

मग तबकडीची बाजू. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच लाकडी कपाटात. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोघांत मिळून. आतल्या चाकाचं रबर कडक झालं होतं. ते काढताना वेग बदलायचा खटका पहिल्यांदाच नीट पाहिला. १६, ३३, ४५, ७८. आणि हात थांबला.

३३ची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत बाजारात आली जून १९४८मध्ये, ४५ची १९४९मध्ये. चार वेगांची यंत्रं तर १९५०च्या दशकातली. म्हणजे आमच्या रेडिओग्रामवर ती बातमी ऐकणं शक्यच नव्हतं!

दोन दिवस गप्प बसलो. ८३ वर्षांच्या माणसाला हे कशाला सांगायचं? पण त्यांनीच विचारलं, "काय रे, काय सापडलं?" मग सांगून टाकलं.

अण्णा बराच वेळ तो खटका पुढे-मागे करत राहिले. मग म्हणाले, "ओसरीवर खूप माणसं होती. जोडे काढायला जागा नव्हती." थोड्या वेळानं स्वतःशीच, "आपल्या घराला ओसरी कुठे होती?"

बातमी खरी, गर्दी खरी, मांडीही आजोबांचीच. रेडिओ मात्र शेजाऱ्यांचा. तेव्हा एका रेडिओभोवती सारी गल्ली बसायची. आजोबांनी पुढे कधीतरी हा घेतला आणि ती आठवण हळूच इथे राहायला आली.

असो. नवं रबर मिळालं नाही. जुनंच घासून बसवलंय, त्यामुळे गाणं मधूनच जरा डुलतं. अण्णा पाहुण्यांना गोष्ट अजून सांगतात. फक्त सुरुवात आता शेजाऱ्यांच्या ओसरीवरून होते.