कच्छची लाट तापीकाठी

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी शाळाशाळांतून ध्वजवंदन चालले असता, ८ वाजून ४६ मिनिटांनी, कच्छात भचाऊनजीक भूगर्भातील खडक तुटला. सुरतेच्या दक्षिण अंगास असलेले पांडेसरा तेथून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांची ही वसाहत; खानदेशातून तापीकाठच्या लोहमार्गाने आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी तिच्या आसपास बिऱ्हाडे थाटलेली. कच्छात झालेला आघात तेथवर पोचतो तो एका दमात नव्हे. ढोबळ हिशेबाने पहिली, म्हणजे प्राथमिक लहर खडकास मागेपुढे दाबीत पन्नासएक सेकंदांत येते. खडकास आडवे हेलकावणारी दुय्यम लहर यावयास दीड मिनिट लागते. त्यांच्या मागून भूपृष्ठाच्या कडेने सरकणाऱ्या पृष्ठलहरी येतात. दूरच्या उंच घरांचे खरे वैर यांच्याशी.

शेषाने मान हलविली की पृथ्वी डळमळते, या कल्पनेपासून या हिशेबापर्यंत येण्यास फार काळ लागला. आणि त्या वाटेवरील एक महत्त्वाचा मुक्काम कच्छातच आहे. १६ जून १८१९ च्या सायंकाळी, पेशवाई बुडून वर्षच उलटले असताना, कच्छच्या रणात मोठा भूकंप झाला. सिंद्रीचा किल्ला खचून पाण्यात गेला आणि रणात ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा उभा राहिला. माणसाने बांधलेला नव्हे म्हणून लोकांनी त्यास ‘अल्लाबंद’ म्हटले. अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार पडले. भुजेस असलेल्या कॅप्टन मॅकमर्डो यांनी या उत्पाताचा वृत्तांत लिहून ठेवला, आणि पुढे लायेलसारख्या भूशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात या घटनेस स्थान दिले. भूकंपाबरोबर जमीन एका बाजूस उचलली जाते नि दुसऱ्या बाजूस खचते, याचा इतका ठसठशीत पुरावा तोपर्यंत क्वचितच कोणी नोंदविला होता. तरीही भ्रंश सरकल्याने भूकंप होतो की भूकंपाने भ्रंश पडतो, हा प्रश्न उरलाच. त्याचा उलगडा १९०६ च्या सॅनफ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर रीड यांनी केला: खडक वर्षानुवर्षे ताणला जातो आणि ताण असह्य होताच भ्रंशावर घसरून सुटतो.

लहरींचे कोडे सुटले ते मात्र हिंदुस्थानातील भूकंपामुळेच. १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपाचे आलेख युरोपातील यंत्रांवर उमटले होते. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणातील ओल्डहॅम यांनी त्यांतून तिन्ही लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीच्या पोटात निराळा गाभा असल्याचे दाखविले. भूकंपाच्या नाडीवरून पृथ्वीच्या पोटातले निदान! वैद्यकाने हेवा करावा असेच हे काम होते.

२००१ च्या भूकंपात १३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ती बहुतेक कच्छातच. परंतु कच्छापासून इतक्या अंतरावरील अहमदाबादेत, आणि सुरतेतही, इमारती कोसळून माणसे दगावली. हे कसे? कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजी आणि किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजी जे घडले, ते जवळच्या नि उथळ धक्क्याचे. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे निजलेल्या माणसांवर आले. दूर अंतरावर जलद लहरी वाटेतच विरतात. उरतात त्या संथ झोक्याच्या. इमारतीचाही स्वतःचा झोका असतो, मजल्यामागे साधारण दशांश सेकंदाचा. दोन्ही झोके जुळले की, लहान मुलाने ठेक्यात दिलेल्या धक्क्यांनीही झोपाळा उंच जावा, तशी इमारत हेलकावते. त्यातही साबरमती वा तापीने आणून टाकलेला गाळाचा थर लहरींना मोठे करतो. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून नुसत्या खांबांवर उभारलेले मजले अशा वेळी गुडघ्यात मोडतात.

धोका कच्छकडूनच येतो असेही नाही. २३ मार्च १९७० रोजी सुरतेच्या उत्तरेस भडोच येथे भूकंप होऊन २६ माणसे मेली. त्याची तीव्रता साडेपाचाच्या आतबाहेर, कच्छच्या मानाने किरकोळ. पण तो घरापाशी होता. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या जुन्या भ्रंशांच्या पट्ट्यातून पश्चिमेस वाहतात.

कच्छच्या अनुभवानंतर २००२ मध्ये भारतीय मानक क्रमांक १८९३ (हे साल नव्हे, मानकाचा अनुक्रमांक) सुधारून निघाले. त्यात सर्वांत सुरक्षित मानलेले पहिले क्षेत्र पार रद्द झाले. किल्लारी, जी त्या सुरक्षित क्षेत्रात होती, ती तिसऱ्यात गेली. कच्छ पाचव्यात राहिले. सुरतही तिसऱ्याच क्षेत्रात मोडली, आणि तापीच्या खोऱ्याने पूर्वेस जाणारा पट्टाही त्याच रंगाने रंगविला गेला.