भूमिगत वायुवाहिन्या : नगरम दुर्घटना आणि देखभालीचे शास्त्र

२७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील नगरम या गावी ‘गेल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या भूमिगत वायुवाहिनीला भीषण आग लागली. वाहिनीतून गळालेला वायू परिसरात आधीच पसरला होता. त्याने पेट घेताच घरे, दुकाने आणि नारळाच्या बागा ज्वाळांनी वेढल्या गेल्या. या दुर्घटनेत वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. नगरम त्या वेळी पूर्व गोदावरी जिल्ह्यात होते; २०२२ मधील जिल्हा पुनर्रचनेनंतर ते कोनसीमा जिल्ह्यात आहे.

दुर्घटनाग्रस्त वाहिनी १८ इंच व्यासाची होती. तातिपाका येथून विजयवाड्याजवळील कोंडापल्लीच्या वीज प्रकल्पाकडे ती वायू वाहून नेत असे. वाहिनीची रचना कोरड्या वायूसाठी करण्यात आली होती. प्रत्यक्षात मात्र तिच्यातून पाण्याचा अंश असलेला ओला वायू जात होता, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या समितीच्या चौकशीतून पुढे आले. तेल व वायू क्षेत्रातील ‘सुस्थिती व्यवस्थापन’ या विषयाचे मर्म या एका निष्कर्षात आहे. नळ जुना आहे की नवा, हा प्रश्न दुय्यम ठरतो. तो ज्या कामासाठी बांधला, तेच काम तो आज करीत आहे काय, हे आधी पाहावे लागते.

विहिरीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूबरोबर पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि काही क्षेत्रांत हायड्रोजन सल्फाइडही येतो. कोरडा कार्बन डायऑक्साइड पोलादाला फारसा अपाय करीत नाही. परंतु पाण्यात विरघळला की त्याचे कार्बोनिक आम्ल बनते व ते पोलाद खाऊ लागते. हे पाणी वाहिनीच्या तळाशी, विशेषतः उताराच्या आणि सखल जागी साचून राहते. त्यामुळे वरची बाजू धडधाकट आणि तळ मात्र पोखरलेला, अशी स्थिती उद्भवते. नळाच्या भिंतीची जाडी मुळात काही मिलिमीटर असते. ती एखाद्या ठिकाणी पुरेशी घटली की आतला दाब तिला पेलवत नाही. म्हणून वायू मुख्य वाहिनीत सोडण्यापूर्वी त्यातील पाणी काढून टाकण्याची व्यवस्था आवश्यक मानली जाते. या व्यवस्थेवरील खर्च ताळेबंदात लगेच दिसतो. तिच्या अभावी होणारी झीज वर्षानुवर्षे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

बाहेरून होणाऱ्या गंजापासून संरक्षणासाठी दुहेरी उपाय योजतात. नळावर प्लास्टिकजन्य पदार्थाचा लेप देतात आणि शिवाय त्याला सौम्य विद्युतप्रवाह पुरवतात. यास कॅथोडिक संरक्षण म्हणतात. जमिनीत ठेवलेल्या तांबे व तांबे-सल्फेट विद्युतअग्राच्या तुलनेत नळाचा विद्युतदाब उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण राखणे, हा त्याचा सर्वमान्य निकष आहे. वाहिनीच्या मार्गावर ठराविक अंतराने दिसणारे छोटे खांब ही मोजणी करण्यासाठीच उभारलेले असतात. मात्र हा उपाय नळाच्या बाहेरच्या पृष्ठभागापुरता आहे. आतून चाललेल्या झिजेवर त्याचा काहीही उपयोग होत नाही.

आतील स्थिती जाणण्यासाठी ‘पिग’ नावाचे यंत्र वाहिनीत सोडले जाते. साधा पिग नळ घासून साफ करतो व साचलेले पाणी पुढे ढकलतो. उपकरणयुक्त पिग त्यापलीकडचे काम करतो. वाहत्या वायूच्या अथवा तेलाच्या दाबाने पुढे सरकताना त्यावरील शक्तिशाली चुंबक नळाच्या भिंतीत चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. जेथे धातू झिजलेला असतो, तेथे ते क्षेत्र भिंतीबाहेर झिरपते. संवेदक त्याची नोंद घेतात आणि चाके कापलेले अंतर मोजतात. अशा रीतीने शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिनीत नेमक्या कोणत्या जागी खोदायचे, हे ठरविता येते. असे पिग परदेशी कंपन्यांकडून घ्यावे लागत असताना, मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइल महामंडळाच्या सहकार्याने ते देशातच विकसित केले.

तथापि, प्रत्येक वाहिनीत पिग सोडता येतोच असे नाही. तीव्र वळणे, मध्येच बदलणारा व्यास किंवा अरुंद झडपा असल्या तर तो अडकतो. अशा जुन्या वाहिन्यांसाठी पाणी भरून दाबचाचणी घेणे किंवा संशयित जागी उत्खनन करून प्रत्यक्ष पाहणी करणे, हे पर्याय उरतात. शिवाय पिगने आणलेली माहिती केवळ अहवालात राहून चालत नाही. झिजेच्या प्रमाणानुसार वाहिनीतील दाब कमी करणे, त्या जागी पोलादी आवरण बसविणे अथवा तेवढा भाग कापून नवा जोडणे, यांपैकी एक निर्णय मुदतीत घ्यावा लागतो.

समुद्रातील प्रतिष्ठानांपुढे आणखी एक धोका असतो. मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै २००५ रोजी, मुंबई हायच्या उत्तर क्षेत्रातील फलाटाला ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजाची धडक बसली. जहाजावरील एका जखमी आचाऱ्याला उपचारांसाठी फलाटावर आणले जात होते. समुद्रतळापासून वर येणाऱ्या नळांना, म्हणजे राइझरना, जहाज आदळले, वायूगळती होऊन आग भडकली आणि सुमारे दोन तासांत फलाट कोसळला. त्यात २२ जणांचा बळी गेला. ३६२ जणांना वाचविण्यात यश आले. येथे प्रश्न गंजाचा नव्हता. ज्या बाजूला जहाजे लागतात, तेथेच ज्वलनशील वायूचे नळ पुरेशा संरक्षणाविना असणे घातक ठरले.

जमिनीवर असा बाह्य धोका बहुधा खोदकामातून व तेलचोरीतून येतो. १९६२ च्या कायद्यानुसार वाहिनीखालील जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यात शेती करता येते. मात्र घर बांधणे, विहीर अथवा तळे खोदणे आणि झाडे लावणे यांस मनाई आहे. वाहिन्यांतील चोरी व घातपात रोखण्यासाठी २०११ मध्ये या कायद्यातील शिक्षा अधिक कडक करण्यात आल्या.

सुरक्षाविषयक मानके ठरविण्यासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ पासून कार्यरत आहे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आले. नैसर्गिक वायुवाहिन्यांच्या सुस्थिती व्यवस्थापनाचे स्वतंत्र विनियम या मंडळाने २०१२ मध्ये जारी केले. नगरमची दुर्घटना घडली, तेव्हा हे विनियम लागू होते.