रोमन प्रजासत्ताकाचा अंत : रुबिकॉन कीं नोला?

रोमन प्रजासत्ताकाच्या अंताचा आरंभ इ. स. पू. ४९ मध्यें सीझरनें रुबिकॉन नदी ओलांडली तेथून धरण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो प्रसंग ३९ वर्षें आधींच घडून गेला होता.

इ. स. पू. ८८ मध्यें पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याजवरील मोहिमेचें आधिपत्य कॉन्सल सुल्ला याजकडे होतें. सुल्पिसिअस या ट्रिब्यूननें कायदा करवून तें वृद्ध मारिअसकडे वळविलें. सुल्ला तडक नोला येथील आपल्या सहा लीजनांच्या फौजेंत गेला. फौज ताब्यांत घेण्यास आलेल्या अधिकाऱ्यांस शिपायांनीं दगडांनीं ठेचून मारिलें. पुढें सैन्य खुद्द रोमवर निघालें, तेव्हां एका क्वेस्टरावांचून सर्व वरिष्ठ अधिकारी सुल्लास सोडून गेले, असें ॲपिअन लिहितो. शिपाई मात्र हटले नाहींत.

सारें मर्म ह्या भेदांत आहे. अधिकारी सरदारकुळांतले, नगराच्या मर्यादेंत वाढलेले. शिपायांस लूट व जमीन सेनापतीच्या हातूनच मिळावयाची, कारण इ. स. पू. १०७ मध्यें मारिअसनेंच भूमिहीनांस लष्कराचें दार उघडून दिलें होतें. तेंच लष्कर त्याजवर चालून यावें, हा दैवदुर्विलास!

इ. स. पू. ८२ मध्यें सुल्लानें पुन्हां रोम जिंकून डिक्टेटरपद घेतलें. सीझर त्या वेळीं १८ वर्षांचा होता.